लाल माल

माझ्या थोरल्या जाऊबाईंना गल्लीत कुणी नावानं हाक मारत नसे. माझी मुलगी त्यांना 'मोठी आई' म्हणायची. तिचं ऐकून शेजारची पोरं म्हणायला लागली, मग पोरांच्या आया, आणि शेवटी दूधवालासुद्धा. स्वतःला मूलबाळ नाही, पण अख्खी गल्ली आई म्हणायची, आणि बाईही अशी की त्या हाकेला जागायची. आज त्याच गल्लीतून त्या चालल्या की लोक दुसरीकडे बघतात. हे कसं झालं ते मला सांगायचंय. मी तोंडाची फटकळ आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा साखर घोळून सांगणं मला जमायचं नाही.

थोरले दीर फार लवकर गेले. तेव्हापासून जाऊबाई वेफर्सच्या कारखान्यात. आमचे हेही तिथेच, गोदामात. बटाटे सोलून, कापून, धुऊन उकळत्या तेलातून निघाले की एका सरकत्या पट्ट्यावर पडतात, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात. डोक्याला टोपी, हातात मोजे. काम एकच. सोनेरी वेफर पुढे जाऊ द्यायचा, लाल झालेला उचलून टोपलीत टाकायचा. ऐकायला सोपं आहे, करून बघा म्हणावं. पट्टा काही तुमच्यासाठी थांबत नाही. तेलाची वाफ डोळ्यांत जाते, मान धरते, पोटऱ्यांचे गोळे होतात, आणि घरी आल्यावर भिंतसुद्धा सरकताना दिसते. जाऊबाई पट्ट्याच्या तोंडाशी पहिल्या उभ्या राहायच्या. नवी बाई आली की सुपरवायझर तिला त्यांच्या शेजारी उभी करायचा आणि सांगायचा, बाईंच्या हाताकडे बघ, मला काही विचारू नको.

आता हा लाल माल टाकायचा कुठे? बटाटा थंड कोठारात फार दिवस पडून राहिला की गोडसर होतो, आणि गोडसर बटाटा तेलात पडल्या पडल्या लाल होतो. अशा दिवसांत टोपल्याच्या टोपल्या भरायच्या. फेकून द्यायला जीव होत नाही, म्हणून कारखान्याची जुनी रीत होती. शिफ्ट सुटताना लाल माल गोणीत भरून फाटकाजवळ ठेवायचा आणि कामगारांनी घरी न्यायचा. फुकट. भांडणं नकोत म्हणून वाटप जाऊबाईंकडे दिलेलं. सगळ्यांना वाटून उरेल त्याची एक मोठी पिशवी त्या स्वतः घेऊन यायच्या, आणि ती घरापर्यंत कधी भरलेली पोहोचली नाही. गल्लीच्या तोंडाशी पोरं वाट बघत बसलेली असायची. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचं पोर रुसलं, कुणी आजारातून उठलं, की मोठी आईची पिशवी होतीच. आणि खरं सांगायचं तर सोनेरी वेफर त्या लालपुढे अगदीच मिळमिळीत. लालला कशी भाजकी, कडक चव असते. आम्ही म्हणायचो, साहेब लोकांना काय कळतंय, चांगला माल आपल्यालाच मिळतो.

माझी मुलगी तर त्याच्यावरच वाढली. जन्म मी दिला, पण वाढली ती त्यांच्या मांडीवर. मी शिवणकामाच्या दुकानात दिवसभर मशीन चालवणार, हे गोदामात, मग पोरीला दुपारी कोण बघणार? जाऊबाईंनी मुद्दाम सकाळची शिफ्ट मागून घेतली होती. शाळेतून आली की पोरगी जेवण बाजूला सारून आधी पिशवीत हात घालायची. मी ओरडले की जाऊबाई म्हणायच्या, खाऊ दे गं, तेवढंच आहे माझ्याकडे द्यायला.

पोरीचं लग्न झालं तेही जवळच, दोन गल्ल्या सोडून. लवकरच दिवस गेले. मग तर काय विचारता, जाऊबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. पोरगी रोज संध्याकाळी आमच्याकडे यायची, पाय वर घेऊन बसायची आणि लाल माल मागायची. डोहाळेच लागले होते तिला त्याचे. दुसरं काही गोड लागत नव्हतं. जाऊबाई टोपलीतले सगळ्यात लालबुंद निवडून तिच्यासाठी वेगळे बांधून आणायच्या.

त्याच सुमारास कारखान्याला परदेशातलं मोठं गिऱ्हाईक मिळालं. क्वालिटीचा साहेब एक रंगांचं कार्ड घेऊन पट्ट्यावर आला. फिक्या पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत चौकोनच चौकोन. त्यातल्या एका चौकोनावर बोट ठेवून त्यानं बायकांना सांगितलं की याच्यापेक्षा गडद एकही वेफर पाकिटात जाता कामा नये, एकही. जाऊबाईंनी सरळ विचारलं, चव तर लालचीच चांगली, मग एवढा धसका कशाला? तो तरुण मुलगा होता, वाईट नव्हता. त्यानं नीट समजावलं. बटाट्यासारखी पिठूळ वस्तू फार तापवली, लाल केली, की तिच्यात ॲक्रिलमाइड नावाचं एक द्रव्य तयार होतं. जितका रंग गडद तितकं ते जास्त. प्राण्यांना ते भरपूर खायला घातलं तेव्हा त्यांना कॅन्सर झाला. माणसांचं अजून नक्की ठरलेलं नाही, पण धोका असू शकतो म्हणून जपायचं. लहान मुलं अंगानं लहान, त्यांना थोडंही जास्त पडतं. पोटुशीनंही बेतानं खावं. तिकडे माल उतरला की आधी प्रयोगशाळेत तपासतात, प्रमाण वर गेलं तर अख्खा माल परत.

बाकीच्या बायका माना हलवून कामाला लागल्या. जाऊबाईंनी विचारलं, "आणि आमच्या गोणीचं काय?"

साहेब आधी समजलाच नाही. कुठली गोणी? मग समजल्यावर हसला. म्हणाला, ते तर कारखान्याच्या आतलं आहे, त्याला कुठला नियम नाही. मग बाईंचं तोंड बघून जरा वरमला आणि म्हणाला की थोडंफार खाल्लं तर काही होत नाही, भिऊ नका. थोडंफार म्हणे. आमची पोरं वर्षानुवर्षं पिशवीत हात घालून बसलेली, आणि हा उंटावरून शेळ्या हाकणार.

त्या दिवशी जाऊबाई पहिल्यांदा रिकाम्या हातानं घरी आल्या. गल्लीच्या तोंडाशी पोरं बसली होती, त्यांच्याशी एक शब्द न बोलता आत येऊन बसल्या. चेहरा असा पांढराफटक की मला वाटलं, पट्ट्यात हात बित सापडला की काय. मला सगळं सांगितलं, साहेबाचे शब्द जसेच्या तसे. मी म्हटलं, ताई, तो म्हणतोय नक्की नाही, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता. त्यांनी एवढंच विचारलं, पोरगी आली का?

पोरगी आली, पिशवी नाही म्हटल्यावर फुगून बसली. जाऊबाईंनी तिला समजावलं. ती म्हणाली, मोठी आई, लहानपणापासून खातेय, मला काय धाड भरली? दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई दारोदार गेल्या. एकेका घरी बसून सांगितलं की बाई गं, मीच आणून दिलं, मीच सांगते, पोरांना आता देऊ नका. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं. पलीकडची म्हणाली, म्हातारी चिक्कू झाली. कोपऱ्यावरची म्हणाली, बाहेर विकत असणार. एकीनं तर तोंडावर विचारलं, विष होतं तर इतकी वर्षं आम्हाला का चारलंत? आणि हे बोलून झाल्यावर आत जाऊन पावाचे तसेच करपून लाल झालेले काठ पोराच्या बशीत वाढले. मी बघत होते.

मग बाळ झालं. मुलगा. दिवस पुरे भरलेले, पण वजन दोन किलोलाही टेकलेलं नाही. काचेच्या पेटीत ठेवलं होतं, हातांची बोटं काडीएवढी. जाऊबाई काचेबाहेर उभ्या राहायच्या, कुणी बस म्हटलं तरी बसायच्या नाहीत. डॉक्टरीणबाईंना त्यांनी गाठलं आणि सगळं सांगितलं, पिशवी, लाल माल, वेगळे बांधून आणलेले गडद वेफर्स, सगळं. मी बाजूलाच होते. डॉक्टरीणबाई फार समजूतदार. म्हणाल्या, गरोदर बायकांच्या खाण्यात हे द्रव्य जास्त असलं तर बाळं थोडी लहान जन्मतात असं काही अभ्यासांत दिसलंय खरं. पण लहान बाळ जन्माला यायची शंभर कारणं असतात. या बाळाचं वजन त्याच्यामुळेच कमी भरलं असं मी म्हणू शकत नाही, आणि त्याच्यामुळे नाहीच असंही म्हणू शकत नाही.

बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं त्यांनी. पण जाऊबाईंना हो किंवा नाही हवं होतं. हो म्हटलं असतं तर रडून मोकळ्या झाल्या असत्या, नाही म्हटलं असतं तर झोपल्या असत्या. ना हे ना ते. आणि हे बोलणं विहीणबाईंच्या कानावर गेलं. झालं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. दवाखान्याच्या जिन्यात चार माणसांदेखत म्हणाल्या, आमच्या नातवाला जन्माआधीच कारखान्याचा कचरा खाऊ घातला या बाईनं. मी त्यांना तिथेच सुनावलं, चांगलं सुनावलं. जाऊबाई मात्र भिंतीकडे तोंड करून उभ्या. पोरगी सासूच्या मागोमाग निघून गेली. मला ते फार लागलं.

बाळ जगलं. हळूहळू अंग धरायला लागलं. जाऊबाईंनी मात्र एकच ध्यास घेतला, की गोणी फाटकाबाहेर जाता कामा नये. बाळाचं झालं ते झालं, पण ज्याचा धोका कारखान्याला माहीत आहे ते कारखान्यानं दुसऱ्याच्या पोराला देऊ नये, एवढंच. सुपरवायझरला सांगितलं, मालकाच्या खोलीबाहेर ताटकळल्या, क्वालिटीच्या साहेबाला पुन्हा गाठलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. सुपरवायझर म्हणाला, बाई, तुम्हाला नको तर नका नेऊ, न्यायला दुसऱ्या पन्नास आहेत. आणि वाटप त्यानं पट्ट्यावरच्याच दुसऱ्या एका बाईकडे दिलं. ती आमच्याच गल्लीतली. संध्याकाळी पोरं आता तिच्या वाटेवर बसायला लागली, आणि तिलाही लोक मावशी मावशी करायला लागले.

पुढे जे झालं ते मला नंतर कळलं, आधी कळलं असतं तर मी त्यांना खोलीत कोंडून ठेवलं असतं.

परदेशी मालाचा मोठा दिवस होता. कोठारातला जुना, गोडसर बटाटा आलेला, पट्ट्यावर नुसता लाल लोंढा. जाऊबाई पहिल्या उभ्या होत्या. त्यांनी हात उचललाच नाही. शेजारच्या बायकांना वाटलं, बाईंनी निवडलंय म्हणजे निवडलंय. इतक्या वर्षांचा विश्वास, पुढे कुणी नीट बघेना. सगळी शिफ्ट त्या पट्ट्यासमोर हात बांधून उभ्या राहिल्यासारख्या उभ्या राहिल्या, मधूनच एखादा वेफर उचलल्याचं सोंग करत. लाल माल पाकिटांत गेला, पाकिटं खोक्यांत, खोकी आमच्या ह्यांच्या हातून ट्रकमध्ये.

मी त्यांना विचारलं, ताई, ही अक्कल कुणी दिली? आणि तिकडची पोरं पोरं नव्हेत का?

"तिकडे तपासतात," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तोंडात जाणार नव्हतं, मला माहीत होतं. तिथे पकडलं गेलं की कुणीतरी येऊन विचारेल, हा लाल माल एरवी जातो कुठे? मग मला सांगता येईल."

भोळी बाई हो. आयुष्य कारखान्यात काढलं आणि कारखाना कळला नाही. माल तिकडे पकडला गेला, बरोबर त्यांनी म्हटल्याप्रमाणे. कागद आला, माल परत येतोय म्हणून. मालकापासून शिपायापर्यंत सगळ्यांची धावपळ झाली. चौकशी बसली. पण लाल माल एरवी कुठे जातो हे एकानंही विचारलं नाही. कोणी केलं, एवढंच विचारलं. जाऊबाईंनी लगेच कबूल केलं, आणि गोणीचं सांगायला तोंड उघडलं तर चौकशीचा साहेब म्हणाला, विषय बदलू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. फाटकावर ओळखपत्र काढून घेतलं आणि बाहेर काढलं. क्वालिटीचा तो तरुण साहेब खाली मान घालून उभा होता म्हणे. नंतर पट्ट्यावर कॅमेऱ्याचं यंत्र बसवलं. ते लाल वेफर फुंकर मारून बाजूला उडवतं. गोणी अजून भरते, अजून फाटकाशी ठेवतात.

गल्लीला हे कळलं तेव्हा कुणी हळहळलं असेल असं वाटलं तुम्हाला? हात दाखवून अवलक्षण, असं म्हणाले. कामगारांचा बोनस कापला गेला होता, त्याचा राग सगळा जाऊबाईंवर. आमच्या ह्यांना गोदामात टोमणे. ह्यांनीही घरी आठवडाभर अबोला धरला होता. मीच एक दिवस ताट आपटलं, तेव्हा बोलायला लागले.

परतीचा माल आला तेव्हा बाळाला बसता यायला लागलं होतं. खोक्यांची रांगच्या रांग गोदामात. हे रोज घरी येऊन सांगायचे, अजून पडून आहे, अजून पडून आहे. जाऊबाई विचारायच्या, पुरणार ना भावजी? जाळणार ना? मग एक दिवस हे आले ते मोरीवर पाय धुवत बसले. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, गेला. कुठे गेला? इथेच, आपल्या बाजारात. इथे तो नियम नाही. परदेशासाठी छापलेली चकचकीत पाकिटं, अर्ध्या किमतीत. कामगारांना एकेक खोकं भेट. सगळं मुसळ केरात. जाऊबाईंनी ऐकलं आणि पदराला हात पुसून कपडे वाळत घालायला निघून गेल्या. मी पाठोपाठ गेले तर ओले कपडे बादलीतच, आणि त्या तशाच उभ्या.

त्याच आठवड्यात पोरगी बाळाला घेऊन आली. बऱ्याच दिवसांनी आली होती, विहीणबाई सोडत नसत. जाऊबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, त्याच्याशी काहीबाही बोलत बसल्या. मी आत चहा ठेवत होते. तेवढ्यात बाहेर बाळ किंचाळलं. धावत गेले तर जाऊबाई बाळाच्या तोंडात बोट घालून काहीतरी काढत होत्या, आणि पोरगी त्यांचा हात ओढत होती. बाळाच्या मुठीत चघळलेला लाल वेफर होता. खाली पोरीनं आणलेलं चकचकीत पाकीट पडलेलं.

"मोठी आई, काय करताय? हे तुमच्या गोणीतलं नाहीये. परदेशी पाकीट आहे, तिकडची लहान मुलं खातात हे," पोरगी म्हणाली.

जाऊबाईंनी पाकीट उचललं, उलटंपालटं केलं. मी डोळ्यांनी खुणावत होते, बोलू नका. पण खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. म्हणाल्या, हा माझ्याच हाताखालून गेलाय बाळा, मीच जाऊ दिला. आणि सगळं सांगितलं, त्या दिवशी पट्ट्यावर काय केलं ते, का केलं ते, तिथून तो परत कसा आला ते.

पोरीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वाकून त्यांच्या मांडीवरून बाळ उचललं. ओढलं म्हणा ना. म्हणाली, "आता तरी आम्हाला खायला घालणं पुरे करा." आणि चप्पल घालायला लागली.

मला राहवलं नाही. पोटची पोरगी म्हणून गय केली नाही. म्हटलं, अगं करंटे, ज्यांनी हा माल बाजारात आणला त्यांना जाऊन विचार की. ज्यांनी गोण्या भरून दिल्या त्यांच्या दारात जा. जिनं तुझ्यासाठी नोकरीवर पाणी सोडलं तिलाच बोलतेस? पोरगी रडत होती, बाळ रडत होतं, मी ओरडतच होते. जाऊबाईंनी माझा दंड धरला आणि मला गप्प केलं.

"तिला बोलू दे," म्हणाल्या. "तिनं कुणाला तरी बोलायला नको का? तिथे तिला फाटकावरचा शिपाईसुद्धा उभं करणार नाही. मी निदान दार उघडून बसते."

पोरगी गेली. त्यानंतर ती आमच्याकडे आलेली नाही. जाऊबाई रोज संध्याकाळी दार उघडं टाकून बसतात, आणि मीही आता त्यांना लावून घ्या म्हणत नाही.